कल्पित जगाची तारलिपी रचताना

आपल्या कल्पित जगासाठी तारेची सांकेतिक लिपी रचायला बसाल, तेव्हा चिन्हांना हात घालण्यापूर्वी त्या जगातली भाषा पक्की करावी, असे मी सुचवेन. मोर्स लिपीत ‘ई’ या इंग्रजी अक्षराला एकच टिंब मिळाले, कारण ते सर्वांत जास्त वापरले जाते. क्वचित लागणाऱ्या ‘क्यू’च्या वाट्याला मात्र चार खुणा आल्या. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला नेमके पाच घटक असत आणि प्रत्येक घटक चालू किंवा बंद असे, म्हणजे एकूण ३२ जुळण्या. अक्षरे आणि अंक त्यांत मावत नसल्याने एकच जुळणी दोन अर्थांनी वापरावी लागे आणि कोणता अर्थ घ्यायचा, हे सांगणारी खूण आधी पाठवावी लागे. ती खूण वाटेत हरवली, तर पुढचा मजकूर निरर्थक अंकांत उमटतो. कथेसाठी याहून चांगला अपघात मला तरी सुचलेला नाही. तुमच्या लिपीत ५० अक्षरे असतील, तर सहा घटक घ्या, किंवा ही कसरत स्वीकारा. अशा जुळण्या हाताळणारे गणकयंत्र तुमच्या जगात आणण्याची मात्र घाई नको: १८९० च्या अमेरिकी जनगणनेत वापरलेली अमेरिकी संशोधक हर्मन हॉलरिथ यांची छिद्रित कार्डांची यंत्रे मुख्यतः मोजणीच करत. तुमच्या राज्याला इतकी मोजणी कशासाठी लागते, ते आधी लिहून काढा.