साथीच्या काळात छातीच्या वॉर्डातल्या नर्सचं मन कसं टिकतं?

तुम्ही विचारलंय, भाची छातीविकार विभागात स्टाफ नर्स म्हणून लागली आहे, पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर तिचं मन कसं टिकणार आणि घरच्यांनी काय करायचं.

मी बेळगाव जिल्ह्यात याच कामात आहे. संसर्गाची भीती महिन्याभरात अंगवळणी पडते. पोखरतं ते वेगळंच.

आमचे पेशंट म्हणजे निपाणीकडचे, तंबाखूच्या वखारीत नाहीतर विड्या वळण्यात हयात गेलेले दमेकरी. वर्षानुवर्षं तीच माणसं. २०२० मध्ये वॉर्ड कोविडला गेला. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी, बंद, कारण जोरात फुंकलं की तुषार उडतात. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझरही शक्यतो नको, इनहेलरचा पंप आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, द्यायचा. आमची माणसं येईनाशी झाली. देशभर तेच: २०१९ मध्ये टीबीचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. रोग थोडाच कमी झाला होता!

त्यातली एक आक्का मे २०२१ मध्ये आली ती थेट बायपॅपवर, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर. मुलगा कोल्हापूरला, आरटीपीसीआरच्या रिपोर्टपायी राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकलेला. व्हिडिओ कॉल लावायला गेले तर दुहेरी ग्लोव्हजमुळे स्क्रीन बोटच घेईना. आक्का मास्क ओढत म्हणाली, "काढ गं बाई, जीव गुदमरतोय." मी तो परत दाबून बसवला. दोनदा. पहाटे ती गेली. तो दाब अजून हातात आहे.

नंतर आम्हाला मनःस्वास्थ्यावर ऑनलाइन व्याख्यान ठेवलं, दुपारी चारला, नाइटवाल्यांच्या झोपेच्या वेळी. असो. उपयोग झाला तो आमच्या इनचार्ज सिस्टरांचा. चार तासांच्या वर कुणाला पीपीई किटमध्ये ठेवायच्या नाहीत, आणि पेशंट गेला की त्या नर्सला दहा मिनिटं बाहेर पाठवून स्वतः तिच्या बेडांपाशी उभ्या राहायच्या. भाचीच्या वॉर्डात असं कोण आहे, ते आधी बघायला सांगा.

घरी "आज किती गेले?" असं विचारू नका. माझ्या सासूबाई "जेवलीस काय गं?" एवढंच विचारायच्या आणि अंघोळीचं पाणी तापवून ठेवायच्या. बोलायचं असलं की मी आपणहून बोलायचे. पण दोन-तीन आठवडे झोपच नसेल, ड्युटीचं नाव काढलं की छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आमच्या वेळी तो नव्हता.