घरी सर्किट बनवताना आणि तपासताना कोणती काळजी घ्यावी?

तुमचा मुलगा अकरावीत आहे, ब्रेडबोर्डवरचे प्रयोग झाले आणि आता त्याला जुना एसएमपीएस (230 व्होल्ट एसीचा कमी व्होल्टचा डीसी करून देणारा पॉवर सप्लाय) उघडून दुरुस्त करायचा आहे, तर करू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करू द्या, पण सुरुवातीला त्याच्या शेजारी बसा.

5 ते 12 व्होल्टच्या सर्किटमध्ये शॉकची भीती जवळपास नसते. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लागला तर फुटू शकतो, म्हणून पहिल्यांदा सप्लाय देताना बोर्डावर वाकून बघू नये.

230 व्होल्टची गोष्ट वेगळी. एसएमपीएसमध्ये ब्रिज रेक्टिफायरनंतरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरच्या) मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. प्लग काढलाय म्हणून पोरं निर्धास्तपणे हात घालतात आणि तिथेच घात होतो. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करायची सवय लावू देऊ नका, मोठी ठिणगी उडते. 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून तो कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना लावायचा. 100 मायक्रोफॅरडला पाच-सहा सेकंद पुरतात, मोठ्याला जास्त लागतात. मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याचं बघूनच हात लावायचा.

दुरुस्त केलेला बोर्ड थेट मेनला लावू नये. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून होल्डर आणि 60 किंवा 100 वॅटचा तारेचा बल्ब आणून सिरीज लॅम्प, म्हणजे मेन आणि बोर्डाच्या मध्ये एकसरीत जोडलेला बल्ब, बनवा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बोर्डात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, नाहीतर क्षणभर चमकून मंद होतो. यानं बोर्ड वाचतो, माणूस नाही. माणसासाठी घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) हवाच. तुम्ही पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर आरसीसीबी पडेलच असं नाही, म्हणून चालू सर्किटवर एकच हात वापरायचा.

आणि घरात कुणी नसताना हे काम नको. मेन स्विच कुठला ते सगळ्यांना दाखवून ठेवा. कुणाला शॉक बसला तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा.