बीम बदलला की कॉल का अडकतो?

प्रश्न: माझा मुलगा टँकरवर आहे. जहाजावर सॅटेलाइट इंटरनेट आल्यापासून रोज व्हिडिओ कॉल होतो, पण बोलता बोलता मधेच त्याचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो, आणि क्षणात परत सुरू. आमच्या घरी रेंज चांगली आहे. तिकडे वादळबिदळ असेल का असं उगाच मनात येतं. हे का होतं?
– एक आई, गुहागर

उत्तर: ताई, आधी ती वादळाची भीती मनातनं काढा. जोरदार पावसाने सिग्नल गेला तर तो बराच वेळ येत नाही, असा क्षणात परत येत नाही. तुम्ही सांगताय त्यावरून हे बीम, म्हणजे सॅटेलाइटवरून खाली पडणारा सिग्नलचा झोत, बदलण्याचं काम वाटतंय.

हे नवे सॅटेलाइट साधारण 550 किलोमीटर उंचीवर असतात आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतात, पृथ्वीला एक फेरी सुमारे 95 मिनिटांत. म्हणजे जहाजावरून एकच सॅटेलाइट जेमतेम काही मिनिटं दिसतो आणि खाली उतरतो, मग दुसरा धरायचा. शिवाय एका सॅटेलाइटचे पण बरेच बीम असतात, एकेक बीम समुद्राच्या एकेका तुकड्यावर टॉर्चसारखा पडतो, आणि कुठल्या तुकड्याला कुठला बीम द्यायचा हे वरचेवर बदलत राहतं. अशा एका मोठ्या नेटवर्कमध्ये तर ही वाटणी दर 15 सेकंदांनी नव्याने होते!

शिमग्यात पालखी बघा, नवा गडी आधी दांड्याखाली खांदा लावतो मगच जुना बाजूला होतो, म्हणून पालखी खाली टेकत नाही. इथे अडचण अशी की जहाजावरची डिश बहुतेक वेळा एका वेळी एकाच सॅटेलाइटकडे बघू शकते, त्यामुळे जुना सोडायचा आणि मग नवा धरायचा. डिश स्वतः फिरत नाही हां, आत शेकडो बारीक अँटेना असतात, त्यांच्या लहरी एकमेकींपेक्षा किंचित मागेपुढे केल्या की बीमची दिशा वळते, त्याला वेळ लागतच नाही म्हटलं तरी चालेल. वेळ जातो तो ताळमेळ बसवण्यात. डोक्यावरचा सॅटेलाइट 550 किलोमीटरवर, तर क्षितिजाकडे झुकलेला 1,100 किलोमीटरवर, म्हणजे सिग्नल पोचायची वेळ एकदम दुप्पट होते, जवळ येणाऱ्याची फ्रिक्वेन्सी चढलेली असते आणि लांब जाणाऱ्याची उतरलेली. हे सगळं नव्याने जुळेपर्यंत काही पॅकेट, म्हणजे कॉलच्या डेटाचे छोटे तुकडे, हरवतात किंवा उशिरा येतात. मेसेजला ते कळत पण नाही, व्हिडिओ मात्र थिजतो.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही की बदल कधी करायचा हे आधीच ठरलेलं असतं. गावातल्या टॉवरपासून लांब गेलात की रेंज सरळ उतरत जाते, त्यावरून मोबाइलला कळतं की आता दुसरा टॉवर धरायला हवा. सॅटेलाइटच्या बीममध्ये मध्यभागी आणि कडेला सिग्नलच्या जोरात तेवढा फरकच नसतो, मग नुसत्या रेंजवरून ठरवणार कसं? म्हणून मोबाइल नेटवर्कचे नियम बनवणाऱ्या थ्रीजीपीपीने 2022 च्या रिलीज 17 या नियमावलीत, थेट सॅटेलाइट धरणाऱ्या मोबाइलसाठी, जागा आणि वेळ यांचा आधार घेतला. सॅटेलाइट स्वतःच्या कक्षेची माहिती खाली पाठवत राहतो, हँडसेटला जीपीएसवरून स्वतःची जागा कळते, आणि अमुक वेळ झाली किंवा अमुक अंतर गाठलं की दुसरीकडे जायचं ही सूचना त्याला आधीच दिलेली असते. भरती-ओहोटीचं गणित बघून होडी काढतात तसंच आहे हे.

मुलाला एक करायला सांगा, कॉल कधी अडकतो ते सेकंदांसकट पाच-दहा वेळा लिहून ठेव म्हणावं. ठरावीक अंतराने क्षणभर अडकत असेल तर बीमचा बदल. जहाजाची दिशा बदलल्यावरच तुटत असेल तर मास्ट (डोलकाठी) किंवा फनेल (धुराडं) डिशच्या आड येतोय, तसं त्याने तिथल्या इलेक्ट्रिकल ऑफिसरला सांगावं. आणि फक्त ड्युटी सुटल्यावरच्या वेळेत होत असेल तर सगळा क्रू एकदम घरी फोन लावतोय, बाकी काही नाही.

प्रश्न: आमच्या ट्रॉलरवर ट्रान्सपाँडर, म्हणजे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र, बसवलाय. त्याचा पण बीम असा सारखा बदलतो का? ऐन वेळी एसओएस अडकला तर?
– एक बोटमालक, हर्णै

उत्तर: नाही दादा, तुमचं काम वेगळं आहे. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरहून जी योजना सुरू झाली, एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने बनवलेले ट्रान्सपाँडर बसवायची, त्यातला सॅटेलाइट 35,786 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून एकाच जागी थांबलेला. या कामाचा जीसॅट-6 ऑगस्ट 2015 मध्ये सोडला, एस बँड या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातले त्याचे पाच बीम मिळून देश व्यापतात. बीम हलत नाही, तुमची बोट हलते, ती पण आठ-दहा नॉटने, म्हणजे एका बीममधून दुसऱ्यात जायचा प्रसंग क्वचितच. एवढ्या लांब वर जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो, मेसेजला त्याने काही बिघडत नाही.

तुम्ही लक्ष द्यायचं ते अँटेनाकडे. हर्णैहून हा सॅटेलाइट दक्षिणेला, जरा पूर्वेकडे, बराच वर आहे. समुद्रात बोट कुठेही वळते, म्हणून चारी बाजूंनी आकाश मोकळं हवं. केबिनच्या टपावर अँटेनाला लागून पत्रा, बर्फाच्या पेट्या, ओल्या जाळ्यांचा ढीग असं काही ठेवू देऊ नका, आणि बंदरातून निघायच्या आधी एक साधा मेसेज पाठवून तो पोचला का ते बघूनच दोर सोडा.