‘टॅसिटर्न’ की ‘रेटिसंट’?

प्रश्न : आमच्या चादरीच्या कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या एका तरुणाला मी इंग्रजीतून शिफारसपत्र लिहून दिले आणि त्याचा स्वभाव ‘टॅसिटर्न’ असल्याचे नमूद केले. माझ्या मुलीने तो शब्द खोडून ‘रेटिसंट’ लिहिला. मला तर दोन्हींचा अर्थ ‘मितभाषी’ एवढाच ठाऊक आहे. बरोबर कोण?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : घोटाळा ‘मितभाषी’ने केला आहे. मराठीत ती प्रशंसा असते, आणि या दोन इंग्रजी शब्दांत प्रशंसा गृहीत नाही. दोन्हींचे मूळ मात्र एकच, ‘गप्प असणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद ‘टाकेरे’.

‘टॅसिटर्न’ माणसाला मुळात बोलण्याचीच हौस नसते. तुमच्याच गावातला एखादा चादरविक्रेता डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाईक दहा चादरी उलगडायला लावते, रंग जाईल का म्हणून विचारते, आणि हा ‘नाही’ एवढेच म्हणून घड्या घालत राहतो. शेजारचा दुकानदार पावसावर, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीवर, भाच्याच्या लग्नावर मनसोक्त बोलेल. सूत कोणत्या भावाने पडले असे विचारताच मात्र हसून ‘बघू की’ म्हणत चहा मागवील. तो ‘रेटिसंट’. म्हणूनच या शब्दापुढे ‘अबाउट’ सहज येतो, कारण मौन कशाबद्दलचे हे सांगावे लागते. ‘टॅसिटर्न’ला सहसा तशी गरज पडत नाही.

मराठीत पहिल्यासाठी ‘अबोल’ चालेल, आणि जरा नाराजी दाखवायची असल्यास ‘घुमा’. दुसऱ्यासाठी मला ‘हातचे राखून बोलणारा’ जवळचा वाटतो. ‘ताकास तूर लागू न देणारा’ म्हटले की त्यात धूर्तपणा शिरतो, तो ‘रेटिसंट’मध्ये नाही. (हल्ली ‘रेटिसंट’ हा ‘अनुत्सुक’ या अर्थानेही वापरतात, काटेकोर लिहिणाऱ्यांना ते खटकते, मलाही खटकते.)

आता तुमचे पत्र. दुपारी डबा खाताना तो तरुण इतरांशी गप्पा मारतो का, ते आठवून पाहा. मारत असेल आणि तरीही मालकाचे आकडे त्याच्या तोंडून कधी बाहेर पडत नसतील, तर मुलीचा शब्द अचूक आहे, आणि हिशेबनिसाला तो शोभतोही. फक्त पुढे ‘कार्यालयीन बाबींविषयी’ अशी जोड द्या. डब्यावरही तो गप्पच असेल, तर शब्द तुमचा बरोबर. पण ‘टॅसिटर्न’मध्ये तुसडेपणाची छटा डोकावते, तेव्हा शिफारसपत्रातून ते वाक्यच काढलेले बरे.