हाडावर बोट ठेव

प्रिय मुली,

मनगटाच्या आठही हाडांची नावं क्रमानं म्हणता येतात, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, सुटं हाड हातात दिलं की काहीच सुचत नाही, असं तू लिहिलंस. सुचेल कसं? तू नावांची ओळ पाठ केलीस, हाडं केली नाहीस.

हाडावर बोट ठेव. आधी स्वतःच्या. तळहात वर करून मनगट किंचित आत वाकव. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीवर वाटाण्याएवढं टणक लागतं ते पिसिफॉर्म. हात सैल सोडलास की ते इकडेतिकडे हलतं. तिथून तर्जनीच्या मुळाकडे एक-दोन सेंटिमीटर सरकून खोल दाब, हॅमेट या हाडाचा हूक, म्हणजे आकड्यासारखा उंचवटा, लागेल. जपून दाब, शेजारून अल्नर नर्व्ह जाते, करंगळीला मुंग्या येतील. आता अंगठ्याकडे ये. घडीजवळचा उंचवटा स्कॅफॉइडचा, त्याच्या लगेच पुढचा ट्रॅपेझियमचा. या चार खांबांवर फ्लेक्सर रेटिनॅक्युलम हा जाड पट्टा ताणलेला असतो आणि त्याखालच्या बोगद्यातून नऊ टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह जातात. कार्पल टनेल असं बोटांनी समजतं, चित्रानं नाही.

मग सुटी हाडं घे. कॅपिटेट सगळ्यांत मोठं, गोल डोक्याचं, मधल्या बोटाच्या मेटाकार्पलच्या, म्हणजे तळहातातल्या हाडाच्या, रेषेत. ल्युनेटचा खळगा त्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो, बसवूनच बघ. ट्रायक्विट्रलवरचा एकटा, लंबगोल फॅसेट (सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग) पिसिफॉर्मसाठी. ट्रॅपेझियमवरचा खोगिरासारखा फॅसेट अंगठ्याच्या मेटाकार्पलसाठी. हॅमेटचा हूक तळहाताच्या बाजूला येतो आणि त्याचा पोकळ भाग अंगठ्याकडे असतो, त्यावरून उजवं-डावं ठरव. फॅलँजेसवर, म्हणजे बोटांच्या हाडांवर, वेळ घालवू नकोस: अंगठ्याला दोन, इतर बोटांना तीन-तीन, एकूण 14. मेटाकार्पल 5, कार्पल म्हणजे मनगटाची 8, सगळी मिळून 27.

स्कॅफॉइडपाशी मात्र थांब. उद्या एम.वाय. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत हात टेकून गाडीवरून पडलेला मुलगा येईल. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खड्डा दिसतो, तिथं दाबल्यावर तो कळवळेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल. त्याला ‘मुरगळलंय’ म्हणून घरी पाठवायचं नाही. फ्रॅक्चर धरून हात बांधायचा आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे. कारण या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून मिळतं. कंबरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. ज्याचं बोट कधी त्या खड्ड्यात गेलंच नाही, त्याला हे सुचणार नाही.

मला मुलं हट्टी म्हणतात. म्हणू देत. पहिल्या वर्षी मीही पाठांतरावर निभावलं, त्याची हळहळ आजही आहे. म्हणून पुन्हा सांगतो: हाडावर बोट ठेव, नाव मागून येईल. तुझी घाई कळते, परीक्षा जवळ आहे. पण फोनवरची चित्रं सरकवत बसलीस तर अजून दहा वेळा गप्प बसशील.

रविवारी सकाळी रामबागेत ये. हाडांचा सेट पिशवीत घालून ठेवतो. न बघता एकेक काढून ओळखायचं. ट्रॅपेझॉइडला वेळ लागेल, छोट्या बुटासारखा आकार आणि मागची रुंद बाजू बोटांनी शोध.