स्वप्नांवरून कविता लिहून मनावरचा आघात खरंच समजतो का?

वर्षभरापूर्वीच्या एका प्रसंगानंतर विचित्र स्वप्नं पडतात, त्यांवर कविता लिहाव्याशा वाटतात. पण त्यातून काही कळेल की नुसती खपली निघत राहील, असं तुम्ही विचारलंय. कळतं. आणि खपलीही निघते. माझ्या बाबतीत दोन्ही झालं.

स्कूटर मी चालवत होते, मागे धाकटा भाऊ. मी वाचले, तो गेला. पुढचे आठेक महिने मला अपघाताचं स्वप्न एकदाही पडलं नाही. पडायचं ते असं: उजव्या खांद्यावर पोतं आहे आणि मी जिना चढतेय. जिना संपत नाही, पोतं टेकवायला जागा नाही. जाग आली की खांदा खरोखर दुखायचा. अर्थ मी कधीच लावून टाकला होता. पोतं म्हणजे माझा अपराध, ब्रेक उशिरा लावल्याचा. मला शिक्षा हवीच होती, त्यामुळे तो अर्थ लगेच पटला.

कविता लिहायला बसले तेव्हा एवढंच ठरवलं, की 'अपराध' हा शब्द आणायचा नाही. जे दिसलं तेवढंच. पोतं कसलं? रंग कुठला? हाताला कसं लागतं? लिहिता लिहिता ओळ आली, 'पोतं गरम आहे'. मग पुढची, 'ते माझ्या कानाशी श्वास घेतं'. पेन तिथेच थांबलं. वाऱ्यात बोलणं ऐकू यावं म्हणून तो माझ्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवून बोलायचा. मी त्याला सायकलवर डबलसीट न्यायचे तेव्हापासूनची सवय. आठ महिने मी ज्याला ओझं म्हणत होते ती त्याची हनुवटी होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यासाठी रडले. त्याआधीचं सगळं रडणं माझ्या अपराधासाठी होतं.

स्वप्नांचे अभ्यासक अर्नेस्ट हार्टमन यांचं म्हणणं होतं, की आघातानंतर स्वप्न बऱ्याचदा घटना दाखवत नाही, त्या वेळच्या भावनेला चित्र शोधतं. आगीतून वाचलेल्या माणसाला प्रचंड लाट अंगावर आल्याचं स्वप्न पडतं. आग नाही, पण असहायता तीच. कविताही असंच काम करते, म्हणून स्वप्न कवितेत सहज उतरतं. गद्यात लिहायला घेतलं की माझं 'कारण' आणि 'म्हणून' सुरू होतं, मी स्वतःविरुद्ध खटलाच चालवायला लागते. 'जणू' आणि 'जसं' हेही टाळून बघा. स्वप्नात पोतं हे पोतंच असतं, ते कशासारखं नसतं. अर्थाची घाई केली असती तर माझी कविता पोत्याच्या पहिल्या अर्थावरच संपली असती.

मात्र स्वप्नात प्रत्यक्ष घटनाच जशीच्या तशी पुन्हा पुन्हा घडत असेल, तर गोष्ट वेगळी. विल्फ्रेड ओवेन हा कवी १९१७ मध्ये युद्धाच्या धक्क्याने एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात होता. विषारी वायूच्या हल्ल्यावरच्या त्याच्या कवितेत गुदमरणारा सैनिक प्रत्येक स्वप्नात त्याच्या अंगावर येतो. त्या दोन ओळी त्याने वेगळ्या ठेवल्यात आणि तिथे कसलंही स्पष्टीकरण नाही. कविता थोर आहे, पण तशी स्वप्नं एकट्याने उपसत बसू नये. त्यासाठी मानसोपचारात पद्धत आहे: जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलायचा आणि तो बदललेला शेवट रोज थोडा वेळ मनात घोळवायचा. झोपायचीच भीती वाटत असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. हे मी कळकळीने सांगतेय.

खपलीबद्दलही सांगते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आपल्या सर्वात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. ज्यांनी घटनेसोबत भावनाही लिहिल्या, त्यांची मनःस्थिती लिहून झाल्या झाल्या आणखी खालावली होती. पण पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रातल्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. हे वाचल्यावर मी वेळ बांधून घेतली. पंधरा मिनिटांचा गजर, तो वाजला की वही बंद, आणि रात्री झोपण्याआधी लिहायचं नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्यामुळे पहाटेची जाग कामाची. कूस न बदलता आधी स्वप्न आठवा, मग वही घ्या, आणि वर्तमानकाळात लिहा.

माझी ती कविता श्वासाच्या ओळीवरच थांबलीय. पुढे लिहून पाहिलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा खोडलं. आईला अजून दाखवलेली नाही.