अमेरिकेतल्या व्यावसायिक रोडिओमध्ये, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत, स्त्रिया उतरतात का, की तो फक्त पुरुषांचा खेळ आहे?

हो, उतरतात आणि त्यावर पोटही भरतात. मात्र मोठ्या रोडिओंत त्यांचे प्रकार मुख्यतः दोनच, बॅरल रेसिंग (पिंपांभोवतीची घोडदौड) आणि ब्रेकअवे रोपिंग (धावत्या घोड्यावरून वासराच्या गळ्यात दोराचा फास टाकणं). पूर्वी त्या बिथरलेल्या घोड्यांवरही बसत. 1929 मध्ये ओरेगनमधल्या पेंडल्टनला बॉनी मॅकॅरल अशाच घोड्यावरून पडून जबर जखमी झाली आणि त्यातच दगावली. त्यानंतर आयोजकांनी हा प्रकार स्त्रियांसाठी बंद करत आणला. मग 1948 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँजेलोत 38 जणींनी स्वतःची संघटना काढली. आजही व्यावसायिक स्त्री स्पर्धक तिच्याच नियमांनी खेळतात. बॅरल रेसिंगला सोपं समजू नका. तीन पिंपांना भरधाव वळसे घालायचे, एक पडलं की वेळेत पाच सेकंदांची भर, आणि निकाल शतांश सेकंदावर लागतो. 1985 च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत शार्मेन जेम्सच्या स्कॅम्पर घोड्याच्या तोंडावरचा लगाम निसटला, तरी तिने तशीच फेरी पूर्ण केली आणि जिंकली! ब्रेकअवे रोपिंगची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा मात्र थेट 2020 मध्ये सुरू झाली, हा उशीर मला अन्यायाचाच वाटतो. एक लक्षात घ्या: बुल रायडिंग, म्हणजे उसळणाऱ्या बैलावर बसणं, करणाऱ्या स्त्रियाही आहेत, पण मोठ्या रोडिओंत तो प्रकार अजून पुरुषांचाच आहे.